फुटाला अर्धा इंच

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा त्याच्याकडे स्वतःचं असं फार काही नव्हतं. कचेऱ्या भाड्याच्या इमारतींत होत्या, खुर्च्या जुन्या जिल्ह्यातून आलेल्या होत्या आणि शिक्के अजून यायचे होते. पण संतापाच्या बाबतीत हा जिल्हा पहिल्या दिवसापासून स्वयंपूर्ण होता, कारण माझे साडू तिथे राहत होते. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आक्कांचे, हे यजमान. एका सरकारी कचेरीत आवक-जावक कारकून. उंची पाच फूट दोन इंच, खिशात पोलादी टेप, कानावर पेन्सिल, आणि चेहऱ्यावर कायम असा भाव, की आत्ताच कुणीतरी त्यांच्यादेखत टेम्पोला ट्रक म्हणालं आहे.

आणि बहुतेक वेळा कुणीतरी म्हणालेलंच असे. साडू कामाच्या गाड्यांच्या हुबेहूब छोट्या प्रतिकृती करत. कामाच्या म्हणजे पोटासाठी धावणाऱ्या: मालट्रक, टेम्पो, टँकर, एस.टी., उसाच्या ट्रॉल्या. मोटारगाडीचं नाव त्यांना खपत नसे. "जी गाडी दुसऱ्याचं वझं उचलत न्हाई ती कसली गाडी," असं म्हणून ते पुढाऱ्यांच्या पांढऱ्या मोटारी रस्त्यानं निघाल्या की पाठ फिरवून उभे राहत. प्रमाण एकच, फुटाला अर्धा इंच. चोवीस फुटी ट्रक साडूंच्या फळीवर बरोबर एक फुटाचा व्हायचा. अंग तेलाच्या डब्याच्या पत्र्याचं, आरसे सिगारेटच्या चांदीचे, हौदाच्या फळ्या देवदारी खोक्याच्या. जिल्हा जन्मला त्या दिवशी सारं गाव मांडव, भाषणं आणि बँड बघायला गेलं होतं. साडू कचेरीच्या दारात उभे होते, कारण जुन्या जिल्ह्याहून फायलींचे गठ्ठे घेऊन ट्रक यायचे होते. सोहळा कसा झाला असं मी पत्रानं विचारलं, तर उलटटपाली उत्तर आलं की तिसऱ्या ट्रकचं मागचं फाळकं साखळीऐवजी सुतळीनं बांधलेलं होतं आणि अशा रीतीनं जिल्हा सुरू होणार असेल तर त्याचं पुढे काय होणार ते दिसतंच आहे.

त्या तिसऱ्या ट्रकची प्रतिकृती मी पुढे पाहिली. फाळकं सुतळीनंच बांधलेलं होतं. साडूंचा नियमच तसा होता. खऱ्या गाडीशी ओळख झाल्याशिवाय तिला हात लावायचा नाही, आणि ओळख झाल्यावर तिचं काही लपवायचं नाही. त्यांच्या वहीत एकेका गाडीला एकेक पान होतं. नंबर, लांबी, रुंदी, चाकं, ड्रायव्हरचं नाव आणि गाव, आणि शेवटी 'खोड्या' असा एक रकाना. कुठे पोचा आहे, कुठे रंग उडालाय, कुठला दिवा आंधळा आहे, ते सगळं त्यात. खऱ्या गाडीला नवा पोचा पडला की साडू घरी येऊन छोट्या हातोडीनं प्रतिकृतीलाही पोचा पाडत. एका मालकानं आपला तांबडा ट्रक पोपटी रंगवून घेतला तेव्हा त्यांनी फळीवरचा ट्रकही पोपटी केला, पण पुढचे सहा महिने त्या मालकाशी बोलले नाहीत.

रविवारी सकाळी ते मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, जाऊन गाड्या मोजत. ड्रायव्हर लोक आधी घाबरत. हा इसम आरटीओचा असावा, नाहीतर गाडी ओढून न्यायला आलेला असावा, अशी त्यांची समजूत होई. एकदा साडूंनी टेपचं टोक मागच्या बंपरला अडकवलं आणि ते पुढचं माप घ्यायला निघाले, तोच ड्रायव्हरनं गाडी सुरू केली आणि टेपसकट अहमदपूरच्या रस्त्याला लागला. साडू दीड फर्लांग मागे धावले. गाडी थांबल्यावर ड्रायव्हरनं माफी मागितली, तर हे त्याच्यावरच उखडले, की टेपचं जाऊ दे, पण तुझ्या धुराड्यातून काळा धूर येतोय हे मागून धावल्याशिवाय मला कळलंच नसतं, तू आधी सांगायला नको का? हाच ड्रायव्हर पुढे पाय मोडून सरकारी दवाखान्यात पडला. साडूंनी पहिल्या दिवशी जाऊन गाडी कोणत्या बाजूला कलंडली एवढंच विचारलं आणि आल्या पावली परतले. माणुसकी म्हणून काही असते की नाही, असं आक्का म्हणाल्या. पण पुढचा महिनाभर त्या माणसाचा जेवणाचा डबा कचेरीत जाता जाता तेच पोचवत होते.

त्यांच्या छंदाची झळ मला लागली ती चपलेच्या रूपानं. चाकांसाठी त्यांना रबर लागे, आणि दहा टायरी ट्रकच्या चाकाला जेवढ्या जाडीचं रबर हवं, नेमक्या तेवढ्याच जाडीचा माझ्या नव्या चपलेचा तळवा होता. मी जेवून वामकुक्षी घेत होतो. उठलो तेव्हा डाव्या चपलेला दहा भोकं पडलेली होती. मी भयंकर चिडलो. मी हायस्कुलातला मास्तर, अनवाणी नांदेडला कसा जाऊ? साडू शांतपणे म्हणाले की उजवी चप्पल अजून चांगली आहे आणि तिला त्यांनी हात लावलेला नाही. त्याहून वाईट अनुभव आक्कांचा. साडू जुने एक्स-रे धुऊन पारदर्शक करत आणि त्यांच्यापासून गाड्यांच्या पुढच्या काचा बनवत. आक्कांना दम लागायला लागला तेव्हा डॉक्टरांनी आधीचा छातीचा एक्स-रे मागितला. साडूंनी खरं ते सांगितलं. तो सहा ट्रकांत आणि एका एस.टी.त विभागून बसवलेला होता.

या सगळ्याला खेळणी म्हणणं हा मात्र अक्षम्य गुन्हा होता. आमचे हेडमास्तर एकदा माझ्याबरोबर लातूरला गेले असता भिंतीवरच्या फळ्या पाहून कौतुकानं बोलून गेले, "वा, छान खेळणी आहेत." साडूंनी त्यांच्या हातातला चहाचा कप काढून घेतला. ओढून नव्हे, अगदी अदबीनं, पण काढून घेतला. तसाच गहजब चौदा एप्रिलच्या मिरवणुकीच्या वेळी झाला. वस्तीतल्या पोरांनी ट्रक हौसेनं सजवला, कागदी फुलांच्या माळा सोडल्या आणि त्यात नंबरची पाटी झाकली गेली. साडू मिरवणुकीपुढे उभे राहिले. ट्रकचा नंबर म्हणजे ट्रकचं नाव, आणि ज्यांना कालपरवापर्यंत कुणी नावानं हाक मारत नव्हतं त्यांनी तरी कुणाचं नाव झाकू नये, असं त्यांचं म्हणणं. पोरांनी माळा बाजूला केल्या. मिरवणूक पंधरा मिनिटं उशिरा निघाली.

जिल्हा जेमतेम रांगायला लागला आणि दुष्काळ पडला. लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले. विहिरींचे तळ दिसू लागले, गावोगावी टँकर सुरू झाले. त्यातले बरेच गुत्तेदाराचे, म्हणजे खाजगी कंत्राटदाराचे, होते. साडूंच्या कचेरीत रोज टँकरांची यादी यायची, कोणता नंबर, कोणतं गाव. तिची नोंद त्यांनाच करावी लागे, आणि नोंद करता करता त्यांनी ठरवलं की यादीतला एकेक टँकर करायचा. मी त्या मे महिन्यात सुट्टीला लातुरातच होतो. घरात एक दिवसाआड दोन घागरी पाणी यायचं आणि साडू टँकरांत बुडालेले असायचे. औशाकडच्या दोन गावांना जाणारे दोन टँकर त्यांनी लागोपाठ केले. पहिला भरायच्या ठिकाणी मोजला होता, दुसरा एका सकाळी दुसऱ्या गावाच्या वेशीवर, घाईघाईत. दोन्ही रंगवून त्यांनी अंगणात बाजेवर वाळत ठेवले.

आक्का त्या छंदाकडे वर्षानुवर्षं ढुंकून पाहत नसत. त्या दिवशी त्या बाजेवरचे पापड काढायला गेल्या, थबकल्या आणि म्हणाल्या, "एकच गाडी दोनदा कशाला केलीत? एका गाडीपायी माझं झंपर दोनदा कापलं का?"

साडू ताडकन उठले. आयुष्यात त्यांनी कुठलीच गाडी दोनदा केली नव्हती. पण आक्कांचं लक्ष नळाकडे होतं. खऱ्या टँकरचा नळ गळत असल्यामुळे ड्रायव्हरनं त्याला निळ्या फुलांची कापडी पट्टी गुंडाळली होती. तशीच निळी फुलं आक्कांच्या एका झंपरावर होती, म्हणून साडूंनी ते झंपर कापलं होतं. दोन्ही टँकरांच्या नळांना तीच पट्टी, तेवढेच वेढे. मग आम्ही बघत गेलो. मागच्या झाकणावर भाकरीएवढा पोचा, दोन्हींवर. शिडीची तिसरी पायरी तारेनं बांधलेली, दोन्हींची. नंबर तेवढे वेगळे.

साडू दोन दिवस जेवले नाहीत. गाडी एकच आहे हे त्यांच्या डोक्यात येईना. त्यांना वाटलं आपलीच नजर गेली, पहिल्या गाडीच्या खोड्या आपण चुकून दुसरीच्या पानावर लिहिल्या. तिसऱ्या दिवशी रजा टाकून ते मला घेऊन औशाच्या रस्त्यावर एका कडुलिंबाखाली जाऊन बसले. दुपारी टँकर आला, थांबला, ड्रायव्हर खाली उतरला. त्यानं पुढच्या-मागच्या पाट्या काढल्या, सीटखालून दुसऱ्या काढून लावल्या, आणि टँकर दुसऱ्या गावच्या फाट्याला वळला. म्हणजे कागदावर दोन टँकर रोज दोन गावांना जात होते, आणि रस्त्यावरचा एकच टँकर आज या गावाला, उद्या त्या गावाला अर्धंमुर्धं पाणी देत होता. माणसं हंडे घेऊन उन्हात उभी राहतात आणि हे लोक पाट्या बदलतात, असं काहीतरी मी संतापानं बोलत होतो. साडू एकटक त्या वळणाकडे बघत होते.

"ते तर हायच," ते म्हणाले. "पण मास्तर, जी गाडी जगात न्हाई तिच्यावर मी अकरा दिवस घालवून बसलो."

माझा आता त्यांच्यावरही राग उसळला. पण साडूंनी घरी येऊन जो अर्ज लिहिला तो वाचल्यावर राग उतरला. तक्रारीचा त्यात एक शब्द नव्हता. अर्जदार हा कामाच्या वाहनांच्या प्रतिकृती बनवीत असून, यादीतील अमुक नंबरचा टँकर अर्जदारास प्रत्यक्ष आढळून आलेला नाही, तरी सदर वाहन अस्तित्वात असल्यास ते मोजण्यासाठी उपलब्ध करून द्यावे, ही विनंती. खाली सही. आवक-जावक कारकून तेच, त्यामुळे त्यांनी स्वतःच्या अर्जाला स्वतःच आवक क्रमांक दिला आणि साहेबांच्या टेबलावर ठेवला.

साहेबांनी बोलावून घेतलं. आधी समजावलं, मग नोकरीची, म्हातारपणाची, निवृत्तिवेतनाची आठवण करून दिली. साडू मान खाली घालून ऐकत होते, आणि माझी खात्री आहे, ते तसेच परत आले असते. नोकरीची किंमत त्यांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होती. घराण्यात सरकारी कागदावर सही करणारे ते पहिलेच. त्यांचे वडील लोकांच्या बांधावर मजुरी करत होते. पण साहेबांनी शेवटी हसून म्हटलं, की तुम्ही खेळणी करता ना, तीच करत राहा.

पुढच्या आठवड्यात वरून मोठे साहेब टंचाईची बैठक घ्यायला विश्रामगृहात आले. त्या सकाळी साडूंनी दोन्ही टँकर कापडी पिशवीत घातले, इस्त्रीचा सदरा घातला आणि निघाले. आक्कांनी त्यांना अडवलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या की नळाची पट्टी सुटायला आली आहे, आणि उंबऱ्यातच सुईदोरा घेऊन टाका घालून दिला. पुढचं मला साडूंकडून कळलं, आणि नंतर त्यांच्या कचेरीतल्या शिपायाकडून, आणि दोघांच्या सांगण्यात एका शब्दाचाही फरक नव्हता. साडू फायली घेऊन आत गेले, फायली ठेवल्या आणि त्यांच्याशेजारी दोन्ही टँकर ठेवले. मोठ्या साहेबांनी विचारलं, हे काय? साडूंनी वही उघडून दोन्ही पानं दाखवली. मोठ्या साहेबांनी एका बोटानं दोन्ही टँकर फिरवून बघितले, पोचे बघितले, पट्टीचे वेढे मोजले. मग साडूंच्या साहेबांना विचारलं की दुसरा टँकर आत्ता कुठे आहे. साहेब म्हणाले, दुरुस्तीला गेलाय.

साडू म्हणाले, "ग्यारेज कोणतं ते सांगा. तिथं जाऊन मोजतो. माझ्याकडं टेप हाय."



पाच दिवसांनी दुसऱ्या गावाला खरोखरीचा दुसरा टँकर गेला. साहेबांचं काही झालं नाही. ते यथावकाश आणखी बऱ्या जागी गेले. बदली झाली ती साडूंची, निलंग्याला, आणि हुकमावर लिहिलं होतं 'प्रशासकीय सोय'. आजही हे लिहिताना माझं डोकं तापतं. एका गावाला पाणी मिळवून देणाऱ्या माणसाला बिऱ्हाड उचलायला लावलं, आणि त्याच्यासाठी त्या एवढ्या मोठ्या कचेरीतून एक माणूस चकार शब्द बोलला नाही. साडूंना मी हे सगळं मोठ्यानं सुनावलं, तर ते माझ्यावरच भडकले, की बोलण्यात वेळ घालवू नका, पत्रा गंजतो, गाड्या वर्तमानपत्रात नीट गुंडाळा.

निलंग्याला जाताना वाटेत औशाला उतरून त्यांनी तो नवा टँकर मोजायचं ठरवलं. मी बरोबर होतो. आम्ही गावात पोचलो तेव्हा टँकर नुकताच येऊन उभा राहिला होता आणि शे-दीडशे घागरी त्याच्याभोवती होत्या. साडूंनी टेप काढून बायांना जरा बाजूला व्हायला सांगितलं. एका म्हातारीनं त्यांच्याकडे आपादमस्तक पाहिलं. "आधी पाणी. मग तुझी फीत," ती म्हणाली आणि आपली घागर त्यांच्या हातात दिली. साडूंनी घागर भरून दिली. मग दुसरीची भरली. मग ते भरतच राहिले, सदऱ्याच्या बाह्या चिंब होईपर्यंत, आणि टाकी रिकामी झाल्याबरोबर ड्रायव्हरनं टँकर हाकला. हाती लागलं ते एवढंच, की शिडी उजव्या बाजूला आहे.

पुढे निलंग्याहून ते आणखी तीनदा एस.टी.नं त्या गावाला गेले. तिन्ही वेळा असंच झालं. मग पाऊस आला, टँकर बंद झाले, तो टँकर कुणी म्हणे कर्नाटकात गेला, कुणी म्हणे विकला गेला. त्यांच्यामुळे रस्त्यावर आलेली एकच गाडी, आणि फळीवर तीच नव्हती. मी एकदा सुचवलं, की टँकर सगळे सारखेच असतात, अंदाजानं करून टाका. ते रागावतील म्हणून मी तयारीत होतो. ते रागावले नाहीत.

"अंदाजानं केली तर ती बी कागदावरचीच झाली की," ते म्हणाले.

निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी ते उपचारासाठी नांदेडला आमच्या घरी येऊन राहिले. छातीनं दगा द्यायला सुरुवात केली होती. ओसरीत खाट टाकली होती, तिथून रस्ता दिसायचा. त्याही साली उन्हाळा कडक होता. एका दुपारी टँकर गेल्याचा आवाज आला आणि ते उठून बसले. शिडी कोणत्या बाजूला होती, त्यांनी विचारलं. मी फाटकापर्यंत धावलो, तोवर टँकर वळून गेला होता. रस्त्यावर नुसती पाण्याची ओली रेघ होती. मी आत येऊन खोटं बोललो. उजवीकडे, म्हणालो.

"मग थांबवायचा न्हाई का," ते म्हणाले, आणि उशीला टेकले.

दुसऱ्या दिवशी मी चौकात जाऊन उभा राहिलो. टँकर आला तेव्हा हात जोडून ड्रायव्हरला थांबवलं आणि घरासमोर दहा मिनिटं गाडी उभी करायची विनंती केली. तरुण ड्रायव्हर होता. त्याला काही कळलं नाही, पण तो थांबला. शिडी डावीकडे होती. साडू खांद्यावर टॉवेल टाकून, माझ्या आधारानं एकेक पाऊल टाकत फाटकाबाहेर आले आणि त्यांनी टँकरकडे नीट पाहिलं. मी काहीतरी सबब सांगायला लागलो, त्यांनी हातानंच थांबवलं.

"ही ती न्हवं," ते म्हणाले. "पण ही तर हाय इथं. धरा टोक."

मी मागच्या बंपरपाशी टोक धरून बसलो. ते हळूहळू पुढे गेले, दर चार पावलांवर श्वास घेत. ड्रायव्हर खाली उतरला, त्यांच्या काखेत हात घालून चालू लागला. माप त्यांनी मोठ्यानं वाचलं. वही माझ्याजवळ होती. मी नंबर लिहिला, लांबी लिहिली, आणि साडूंनी ड्रायव्हरला त्याचं नाव आणि गाव विचारलं.